डोंगरे घराण्यातील विद्या : पंडिता रमाबाई, त्यांची आई आणि लेक



मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावे, अशी आपली प्रथा आहे. यंदा मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले, तेव्हा दोघीतिघींनी विचारले की, ही बाई पुण्या-केडगावकडची. तिचा आपल्या बपेऱ्याशी आणि भंडाऱ्याकडच्या मुलखाशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो पुढे येईलच. रमाबाईंचे चरित्र सांगणारे बहुधा त्या कलकत्त्यास गेल्या आणि त्यांना पंडिता ही पदवी मिळाली, तिथपासून सुरुवात करतात. मला मात्र त्यांच्याहीपेक्षा त्यांच्या घराण्याची हकिगत अधिक मोलाची वाटते. त्या घरात विद्या नवऱ्याकडून बायकोकडे आली आणि आईकडून लेकीकडे गेली. त्या काळच्या हिंदुस्थानात अशी घरे हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच असतील. म्हणून मी आईबापांपासून सांगते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण, पण त्यांचे घर मंगळूरकडील मुलखात माळहेरंजी गावी होते. तरुणपणी विद्या मिळविण्यासाठी ते पुण्यास आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांच्याजवळ राहिले. पेशवाईचे ते शेवटचे दिवस. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या राणीस संस्कृत शिकवावयास वाड्यात जात. तेथे अनंतशास्त्र्यांच्या कानी एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक पडले आणि त्यांना अचंबा वाटला. बाईमाणसाला हे येते, तर माझ्या घरात का येऊ नये, असा विचार त्यांच्या मनात शिरला तो कायमचा.

घरी परतल्यावर त्यांनी पहिल्या पत्नीस शिकविण्याचा प्रयत्न केला. पण तिला गोडी नव्हती, वडीलधाऱ्यांचा विरोध होता, आणि तो प्रयत्न तेथेच राहिला. पुढे म्हैसूरच्या दरबारी त्यांनी मान आणि पैसा मिळविला. ती पत्नी वारल्यावर ते तीर्थयात्रेस निघाले. गोदावरीकाठी पैठणास एक यात्रेकरू गृहस्थ आपल्या मुलींसह उतरले होते. ओळख झाली, कुळ-गोत्र विचारले, आणि दुसऱ्याच दिवशी त्या गृहस्थांनी आपली नऊ वर्षांची मुलगी अनंतशास्त्र्यांस देऊन टाकली. शास्त्रीबुवांनी तेव्हा चाळिशी ओलांडली होती.

येथे क्षणभर थांबते. नऊ वर्षांची पोर रात्रीतून परक्या प्रौढ माणसाच्या हवाली करणे ही गोष्ट गोड करून सांगता येणार नाही. त्या काळची रीत होती एवढे म्हणून मी पुढे जाते. त्या मुलीचे, म्हणजे लक्ष्मीबाईंचे नशीब एवढेच बरे की, नवरा विद्येचा वेडा निघाला. त्याने तिला स्वयंपाकघराच्या जोडीने अमरकोश, काव्ये आणि पुराणे यांत घातले, आणि ही पोर पाठ घेण्यात मागे पडली नाही.

मग व्हायचे तेच झाले. शास्त्री बायकोला देवभाषा शिकवितो, ही बातमी पंचक्रोशीत पसरली. उडुपीच्या धर्मपीठापुढे त्यांना जाब द्यावा लागला. अनंतशास्त्री तयारीनिशी गेले. त्यांनी ग्रंथ चाळून आधार गोळा केले होते आणि पंडितांच्या सभेत त्यांनी ते एकामागून एक पुढे ठेवले. वेद त्यांनी बायकोला शिकविले नव्हते. काव्य आणि पुराणे स्त्रीने शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आज आपल्याला हे म्हणणे बेताचेच वाटेल. परंतु एवढ्यासाठीही माणसाला सभेत उभे राहावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या धीराची किंमत कळते. सभेला त्यांना दोषी ठरविता आले नाही. पण घरचे आणि गावचे वातावरण काही निवळले नाही, तेव्हा शास्त्रीबुवांनी गावच सोडले आणि सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे जाऊन राहावयाचे ठरविले. तुंगा आणि भद्रा या नद्या तेथेच उगम पावतात.

त्याच सुमारास, म्हणजे १८४० च्या पुढेमागे, तिकडे अमेरिकेत कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्यांत संसार घालून पश्चिमेकडील ओसाड मुलखात वस्ती करावयास निघाली होती. रान तोडून झोपडी बांधणाऱ्या, पोरे वाढविणाऱ्या त्या बायकांची चरित्रे तेथील लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. आपल्याकडील लक्ष्मीबाई डोंगरे त्यांच्यापेक्षा कोठे कमी होती? अमेरिकेतील ती माणसे जमिनीच्या शोधात निघाली होती. हे जोडपे शिकावयास जागा मिळावी म्हणून रानात गेले. पहिली रात्र त्यांनी उघड्यावर काढली. जवळच वाघाच्या डरकाळ्या चालू होत्या. ती लहानगी बायको पासोडीत गुरफटून भीतीने अर्धमेली होऊन पडली होती आणि नवरा उजाडेपर्यंत पहारा करीत बसला होता. मग झोपडी उभी राहिली, हळूहळू घर झाले, गायी आल्या, शेत झाले. विद्यार्थी येऊ लागले. त्यांना अन्न आणि विद्या दोन्ही फुकट. यात्रेकरूंची रीघ असे आणि आलेल्यास जेवल्याशिवाय सोडावयाचे नाही हा शास्त्रीबुवांचा नेम.

चरित्रकार लिहितात की अनंतशास्त्री फार उदार होते. होते खरे. पण रोज इतक्या पानांचा स्वयंपाक करीत कोण होते, गोठा सांभाळीत कोण होते, आणि यजमान बाहेरगावी गेले की विद्यार्थ्यांकडे पाहात कोण होते? रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीत वाकून घरी आल्यावर चूल पेटविणाऱ्या आपल्या बायकांना हे निराळे सांगावयास नको. लक्ष्मीबाईंना सहा मुले झाली, त्यांतील तीन जगली : कृष्णाबाई, श्रीनिवास आणि सर्वांत धाकटी रमा. रमेचा जन्म गंगामूळ येथे २३ एप्रिल १८५८ रोजी झाला.

उदारपणाचा शेवट कर्जात झाला. रमा सहा महिन्यांची होती तेव्हा कुटुंबाने गंगामूळ सोडले. तिला वेताच्या पेटीत घालून एका गड्याच्या डोक्यावर दिली आणि सारे यात्रेस निघाले. ती यात्रा पंधरा वर्षांहून अधिक चालली. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावयाचे, लोक जे धान्य-पैसे ठेवतील त्यावर निर्वाह करावयाचा, त्यातूनही दानधर्म करावयाचा, आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावयाची. रमाबाईंना बालपणीचे एक घर असे आठवतच नसणार.

पण शाळा होती. ती आईची. अनंतशास्त्री आता थकले होते, म्हणून धाकटीला शिकविण्याचे काम लक्ष्मीबाईंनी घेतले. दिवसा त्यांना उसंत नसे. म्हणून पहाटे, पाखरे बोलू लागण्याच्या वेळी, त्या झोपलेल्या मुलीला मांडीवर घेऊन मायेने जागे करीत आणि तोंडी पाठ देत. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत हे असे चालले. पुस्तके थोडी, मुक्काम रोज निराळा. भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीच्या तोंडी झाले. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या विद्येपुढे मान तुकविली, ती विद्या या पहाटेच्या शाळेतील होती. मला तर वाटते, त्या पदवीत अर्धा वाटा लक्ष्मीबाईंचा धरावयास हवा होता.

थोरल्या मुलीची गोष्ट मात्र दुःखाची. कृष्णाबाईचे लग्न आईबापांनी लहानपणीच केले, आणि जावयाने घरी राहून शिकावे असे ठरविले. तो शिकला नाही, संसार जमला नाही, आणि नवरा बायकोवरचा हक्क सांगत राहिला. स्वतःच्या बायकोसाठी धर्मपीठापुढे उभा राहिलेला बाप थोरल्या लेकीच्या बाबतीत मात्र रूढीच्या वाटेने गेला, आणि त्याचे फळ लेकीने भोगले. एक बरे झाले की त्यांनी हा धडा घेतला. रमेचे लग्न त्यांनी लहानपणी केले नाही, लोक काय वाटेल ते बोलोत. रमाबाई पुढे ज्या काही झाल्या, त्याच्या मुळाशी त्यांच्या बहिणीचे हे दुःख आहे.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकणारे लोकच उपाशी, तेव्हा सांगणाऱ्याला कोण देणार? भांडी गेली, दागिने गेले, शेवटी रानातला पाला खाण्याची पाळी आली. भीक मागावयाची नाही, आणि अंगमेहनतीची सवय नाही, अशी ती शास्त्र्याच्या घरची कुचंबणा. रमाबाईंनी पुढे स्वतःच या गोष्टीवर बोट ठेवले आहे की, आम्हांला ग्रंथ शिकविले पण पोट भरण्याचे काम शिकविले नाही. दृष्टी गेलेल्या वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा विचार केला, तेव्हा श्रीनिवासाने अभिमान सोडून मजुरी करण्याचे कबूल केले. पण वडील वाचले नाहीत. त्यांच्यामागून थोड्याच महिन्यांत आई गेली. तिला न्यावयास चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा मुलगा, आणि चौथी रमा. ती अंगाने ठेंगणी. तिरडी खांद्यावर समतोल राहीना म्हणून तिने आपली बाजू डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैलांवर होते. ज्या आईने पहाटे मांडीवर घेऊन शिकविले, तिला सोळा वर्षांच्या लेकीने असे पोहोचविले. पुढे काही महिन्यांत कृष्णाबाईही पटकीने गेली.

उरले भाऊ-बहीण. ते हिंदुस्थानभर पायी फिरले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून, मानेपर्यंत कोरडी वाळू अंगावर ओढून दोघे निजत. १८७८ साली ते कलकत्त्यास पोहोचले, आणि पंडितांच्या सभेने रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. १८८० च्या मे महिन्यात श्रीनिवासही डाक्क्याला वारला, आणि डोंगरे घराण्यात बाविशीची रमा एकटी राहिली.

त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. आसामकडील सिलचर येथे त्यांचा संसार झाला, तो अवघा एकोणीस महिन्यांचा. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने गेले. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा. आठ वर्षांत पाच मरणे.

यापुढचा भाग तुम्हांला ठाऊक असेल म्हणून मी भरभर सांगते. १८८२ साली त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि त्याच वर्षी सरकारी शिक्षण कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, असे ठणकावून सांगितले. १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन विलायतेस गेल्या, आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याबद्दल महाराष्ट्राने त्यांना पुष्कळ बोल लावले. माझे मत विचाराल तर, धर्म ही ज्याच्या त्याच्या अंतःकरणाची गोष्ट आहे. दहा माणसे जमवून न्याय करण्याची ती गोष्ट नव्हे, आणि त्यांचे वडील अशा न्यायसभेतून एकदा गेलेच होते.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात आनंदीबाई जोशी यांना त्या वर्षीच्या मार्चमध्ये डॉक्टरची पदवी मिळावयाची होती. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातील. सोहळा पाहून परत फिरावयाचे, असा बेत होता, पण त्या जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. त्यांनी बालवाडीचे शिक्षण घेतले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि हिंदू विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत जे पुस्तक लिहिले, ते आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. लक्ष्मीबाई डोंगरे हे नाव छापून आले ते असे सातासमुद्रापलीकडे, त्या जाऊन बारा-तेरा वर्षे झाल्यावर. आपल्यापैकी कितीजणींना आपल्या पणजीचे नाव सांगता येईल?

या मुक्कामात एक किंमत मात्र द्यावी लागली. पाच वर्षांच्या मनोरमेला त्यांनी अमेरिकेतून पुन्हा विलायतेस, तेथील भगिनींच्या मठात पाठविले. परमुलखात एकटी फिरून पैसा जमविणारी बाई लहान मुलीला कोठवर बरोबर घेऊन हिंडणार? आई म्हणून त्यांना काय वाटले असेल ते आपण समजू शकतो. पहाटे मांडीवर घेऊन शिकविणाऱ्या आईची ही लेक, आणि तिची लेक दुसऱ्यांच्या हाती वाढली. हजारो लेकींची आई होणाऱ्या बाईला हा विरोध जाचला नसेल असे मला तरी वाटत नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन सुरू झाले. तेथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध झाल्या. आपण त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो. सदन पुण्यास गेल्यावर, मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ मध्ये पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या, आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींना त्यांच्या आचाराप्रमाणे राहावयाची मोकळीक होती. बाई मात्र आपल्या प्रार्थनेच्या खोलीचे दार लावीत नसत. दोन्ही बाजूंचे थोडेबहुत खरे असेल. माझी तक्रार निराळी आहे. काढून नेलेल्या मुलींचे पुढे काय झाले, हे दोन्हीकडच्या वादात कोणी विचारले नाही.

आता आपल्या मुलखाचा संबंध. १८९६ साली पावसाने दगा दिला आणि मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा आपला भंडारा जिल्हा मध्यप्रांतातच होता. तुमसर, बालाघाट, शिवनी हा सारा एकाच राज्यकारभाराचा मुलूख. आज बपेऱ्याजवळ जी दोन राज्यांची हद्द आहे ती तेव्हा नव्हती. धानाच्या मुलखात पाऊस मध्येच थांबला की काय होते, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. आईबाप गेले, पोरे रस्त्यावर आली, आणि त्यांतल्या मुलींना तर माणसांचीही भीती. ही बातमी पुण्यास रमाबाईंनी वाचली, तेव्हा त्यांना स्वतःचे वीस-बावीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. त्या उठून मध्यप्रांतात आल्या. पैसा हाताशी नव्हता, संस्थेत जागा नव्हती. तरी दुष्काळी ठाण्यांतून आणि झाडांखालून त्यांनी मुली गोळा केल्या आणि खेपेखेपेने आपल्याकडे नेल्या. ही संख्या तीनशेच्या घरात गेली. पुण्यात प्लेगमुळे इतक्या मुली ठेवू देईनात, म्हणून केडगावच्या माळावर आधीच घेतलेल्या जमिनीत झोपड्या घातल्या. गंगामूळच्या रानात आईने केले तेच लेकीने माळावर केले : आधी झोपडी, मग विहीर, मग शेत, आणि त्याच्या बरोबरीने शाळा. तेच मुक्ति सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली.

आपल्या झाडीकडच्या कितीतरी घरांतून त्या वर्षी हरवलेल्या मुलींपैकी काही तेथे जगल्या असतील. त्यांची मूळ गावे, मूळ नावे घरच्यांच्या स्मरणातून गेली.

केडगावची एक गोष्ट मला सर्वांत आवडते. तेथे नुसती पुस्तके नव्हती. माग होते, तेलघाणा होता, गोठा होता, शेत होते, छापखाना होता, आणि खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सारे मुली करीत. आंधळ्या मुलींनाही वाचावयास आणि विणावयास शिकविले जाई. विद्येबरोबर पोटाची सोय पाहिजे, हा धडा रमाबाईंनी त्या पाला खाण्याच्या दिवसांतच घेतला होता. ज्या उणिवेने बापाचे घर बुडाले, ती त्यांनी आपल्या संस्थेत राहू दिली नाही. आपल्या मंडळात शिवणयंत्रे आणावीत की वाचनालय काढावे, असा वाद निघाला की मला केडगाव आठवते.

मनोरमा विलायतेत आणि अमेरिकेत शिकून परत आली, मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली, आणि आईच्या हाताखाली तिने शाळेचा भार उचलला. गुलबर्ग्यासही तिने मुलींची शाळा चालविली. तिने लग्न केले नाही. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून बायबलचे साध्या, बायकांना समजेल अशा मराठीत भाषांतर करीत होत्या, आणि संस्थेची सूत्रे मनोरमेकडे जाणार हे ठरलेलेच होते. पण २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मनोरमाच गेली. ज्या बाईने सोळाव्या वर्षी आईची तिरडी डोक्यावर घेतली, तिला त्रेसष्टाव्या वर्षी लेकीचे मरण पाहावे लागले. भाषांतराचे काम त्यांनी तरीही चालू ठेवले आणि ते हातावेगळे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटेच्या सुमारास त्यांनी डोळे मिटले. ते भाषांतर पुढे १९२४ साली केडगावच्याच छापखान्यात, मुलींच्या हातून पूर्ण छापून निघाले.

अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई यांच्या वंशात पुढे कोणी उरले नाही. मुक्ति सदन चालू आहे. आपल्यापैकी कोणी पुण्याकडे निघालीच, तर नागपूरहून जाणारी गाडी दौंडवरून जाते. त्यापुढे पाटस, कडेठाण, आणि मग केडगाव.